हाडाला घाई चालत नाही

गेल्या आठवड्यात एक तरुण एक्स-रे घेऊन माझ्याकडे आला. लहानपणीच्या अपघाताने आखूड राहिलेला पाय शस्त्रक्रियेने लांब करून घेतलेला. "डॉक्टरसाहेब, वर्ष झालं. आता रॉड काढा ना!" पाय दुखत नव्हता, पण एक्स-रेत नव्या हाडाची एक बाजू पुसटच होती. मी नकार दिला. स्वारी नाराज झाली.

या पद्धतीचा पाया सायबेरियातील कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी घातला. हाड कापून दोन्ही टोके रोज साधारण १ मिलिमीटर, तेही थोडे थोडे करून, दूर न्यायची; मधल्या फटीत नवे हाड तयार होते. म्हणजे ५ सेंटिमीटरला सुमारे ५० दिवस. लोक एवढाच हिशेब धरतात. पण ते कोवळे हाड टणक व्हायला त्यापुढे कित्येक महिने जातात. तोवर बराचसा भार रॉड पेलतो. तो घाईने काढला, तर हाड वाकते किंवा मोडते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की रॉड काढण्याचा दिवस कॅलेंडर पाहून नव्हे, एक्स-रे पाहून ठरवावा. काढल्यावरही काही आठवडे धावणे, उड्या मारणे टाळावे.

आणखी एक. त्या तरुणाच्या खिशातून तंबाखूची पुडी डोकावत होती. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, हाड भरणे लांबते. हे सांगताच पुडी माझ्या टेबलावर ठेवून तो निघाला. माझ्या मते उपचार तिथेच सुरू झाला.