माझी गोष्ट तुमच्या मॅडमना कशाला?



वागळे इस्टेटमधल्या किसननगरची एक भाभी गेल्या महिन्यात भेटली. लेकीच्या तलाकनंतर तिची झोप उडाली, म्हणून ती एका समुपदेशन केंद्रात जाऊ लागली होती. तिसऱ्या भेटीत तिथली शिकाऊ मुलगी म्हणाली, "हे मी आमच्या मॅडमशी बोलून घेते." त्या दिवसापासून भाभीने जाणं बंद केलं. "आपा, मी घरातली गोष्ट अमानत म्हणून सांगितली. तिने ती दुसरीपुढे मांडायची, ही गीबतच की!"

तिची भीती मला कळते. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 पासून उभं आहे, तरी त्याचं नाव अजून लोक आवाज उतरवून घेतात. गल्लीत एक शब्द निसटला तर लेकीच्या दुसऱ्या निकाहाची बोलणी अडायची.

पण मॅडमशी बोलणं भाभीच्याच भल्याचं आहे. याला सुपरव्हिजन म्हणतात. आपण काय ऐकलं, काय बोललो, कुठे अडलो, हे शिकणारी व्यक्ती अनुभवी माणसापुढे ठेवते, तेही नाव-पत्ता वगळून. बर्लिनमध्ये 1920 साली निघालेल्या मनोविश्लेषणाच्या दवाखान्यात ही देखरेख शिक्षणाचा भाग झाली. शिकाऊ डॉक्टर टाके घालतो तेव्हा मोठे डॉक्टर शेजारी असतात. इथे दार बंद आणि आत दोघीच. चूक झाली तर दिसणार कुणाला? समजा त्या मुलीच्या स्वतःच्या घरातही तलाक झालेला असेल, तर भाभीचं ऐकता ऐकता ती आपलंच दुःख ऐकू लागेल आणि त्याच भरात सल्ला देऊन बसेल. मॅडम तिला तिथे थांबवतात.

राहिली गीबत. हिंद बिन्त उतबा (रजि.) यांनी, शौहर अबू सुफियान खर्चाला पुरेसं देत नाहीत, असं पैगंबर (स.) यांच्यापुढे नाव घेऊन सांगितलं होतं. त्यांना गप्प केलं गेलं नाही, मार्ग सांगितला गेला. सल्ल्यासाठी गरजेपुरतं बोलणं इमाम नववींनीही गीबतीच्या बंदीतून वगळलं आहे. आपला 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही माहिती गुप्त ठेवायला लावतो, पण उपचारासाठी दुसऱ्या आरोग्य व्यावसायिकाला ती देण्याची वाट ठेवतो.

खरं सांगू? छोटा कोर्स करून पाटी लावणाऱ्या आणि वर कुणीच मॅडम नसलेल्या समुपदेशकाची मला जास्त धास्ती वाटते.

मुलीचंही चुकलंच. हे तिने पहिल्याच भेटीत सांगून भाभीची परवानगी घ्यायला हवी होती. भाभी गुरुवारी पुन्हा जाणार आहे. विचारायचे प्रश्न तिने लेकीकडून कागदावर लिहून घेतलेत: मॅडम कोण, त्या किसननगरच्या आहेत का, आणि माझं नाव कुठल्या वहीत लिहिता?