हंगामाच्या तोंडावर दुर्लक्षित राहणारी तेलाची पातळी

पश्चिम किनारपट्टीवरील ६१ दिवसांची मासेमारीबंदी ३१ जुलै रोजी संपते आणि १ ऑगस्टपासून गोव्यातील ट्रॉलरना समुद्र पुन्हा खुला होतो. मालीम, कुटबण, खारीवाडा आणि शापोरा येथील धक्क्यांवर त्याआधीच्या दिवसांत जाळ्यांची दुरुस्ती, रंगकाम, बर्फ व डिझेलची जुळवाजुळव सुरू असते. खलाशी गावाकडून वेळेवर परततील का, हवामान साथ देईल का, डिझेलवरील परतावा कधी मिळेल, या प्रश्नांची चर्चा दरवर्षी होते. दोन महिने थंड पडलेले इंजिन सुरू करण्यापूर्वी त्यातील तेल कोणी आणि कसे पाहायचे, हा प्रश्न मात्र या चर्चेत सहसा येत नाही.

वरकरणी ही बाब किरकोळ वाटते. परंतु रस्त्यावर ट्रकचे इंजिन बंद पडले तर तो कडेला लावता येतो. समुद्रात कडा नसते. साळ नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूतून वाट काढताना किंवा ऑगस्टच्या खवळलेल्या पाण्यात बोटीची चाल थांबली, की ती लाटांना आडवी होते. तेलाअभावी बेअरिंग जळालेले इंजिन समुद्रात पुन्हा सुरू होत नाही. त्यानंतर भिस्त राहते ती शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या ट्रॉलरवर किंवा तटरक्षक दलावर.

होडीच्या मागे टांगलेल्या लहान दोन-स्ट्रोक मोटरमध्ये तेल पेट्रोलमध्येच मिसळले जाते आणि इंधनाबरोबर जळून जाते. ट्रॉलरच्या पोटातील डिझेल इंजिनाची रचना वेगळी आहे. त्याच्या तळाशी स्वतंत्र तेलपात्र असते, मोठ्या इंजिनात त्यात साधारणपणे दहा ते वीस लिटर तेल मावते आणि पंप तेच तेल प्रत्येक बेअरिंगपर्यंत पुन्हा पुन्हा पोहोचवतो. या साठ्याची पातळी दाखवणारी डिपस्टिक हे तेथील सर्वांत स्वस्त साधन आहे. पण ती योग्य रीतीने वाचली तरच उपयोगाची.

येथेच पहिली चूक होते. आपल्याकडील अनेक ट्रॉलरमध्ये मुळात ट्रकसाठी घडवलेली इंजिने समुद्रावरील वापरासाठी बदल करून बसवलेली असतात. ट्रकमध्ये इंजिन जवळपास सपाट असते. बोटीत ते पंख्याकडे जाणाऱ्या शाफ्टच्या रेषेत, मागच्या बाजूला कललेले असते. त्यामुळे तेल मागे साचते. डिपस्टिक पुढच्या बाजूला असेल तर तेल असूनही कमी दिसते आणि माणूस वरून आणखी ओततो. ती मागच्या बाजूला असेल तर पातळी भरलेली दिसते आणि इंजिन प्रत्यक्षात उपाशी राहते. म्हणून ट्रकसाठी कोरलेल्या खुणा बोटीत डोळे मिटून मानता येत नाहीत. तेलपात्र रिकामे करून नवा फिल्टर बसवावा, त्या कलासाठी निर्मात्याने सांगितलेले तेल मोजून भरावे, इंजिन काही मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे आणि मग डिपस्टिकवर नवी खूण करावी. हे काम जाणकार मेकॅनिककडून एकदाच करून घ्यावे लागते.

रोजची तपासणी याहून सोपी आहे. बोट पाण्यात, नेहमीच्या समतोलात असावी. ओढून किनाऱ्यावर घेतलेल्या, एका कुशीवर कललेल्या बोटीत घेतलेले माप खोटे ठरते. ती पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पाहावे लागते. इंजिन थंड असताना, किंवा बंद करून दहा मिनिटे थांबल्यावर, डिपस्टिक बाहेर काढावी, स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. तेल किमान आणि कमाल या खुणांच्या मध्ये, शक्यतो कमाल खुणेच्या जवळ पण तिच्या खाली असावे. कमी असल्यास थोडे थोडे ओतून, काही वेळ थांबून, दर वेळी पुन्हा माप घ्यावे. फिल्टर बदलला असेल तर इंजिन थोडा वेळ चालवून पातळी पुन्हा तपासणे आवश्यक ठरते, कारण रिकामा फिल्टर बरेच तेल शोषून घेतो.

‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूत घातक आहे. पातळी फार वर गेली की फिरता क्रँकशाफ्ट तेलात आपटतो आणि तेलाला फेस येतो. फेसाळ तेल पंपाला नीट ढकलता येत नाही, दाब घसरतो आणि सील गळू लागतात. तेल श्वासनळीतून हवेच्या मार्गात शिरले तर डिझेल इंजिन तेच जाळून बेफाम वेगाने फिरू शकते. उलट, पातळी कमी असेल तर धक्क्यावर सारे ठीक भासते. बोट लाटेवर डोलू लागल्यावर तेल एका बाजूला सरकते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

तेल पातळीखेरीज आणखीही काही सांगते. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. थंड करणाऱ्या यंत्रणेतून किंवा धूर बाहेर टाकणाऱ्या नळीतून खारे पाणी आत येऊ शकते. काही न ओतता पातळी वाढली आणि डिझेलचा वास आला तर इंधन गळत आहे. अशा वेळी इंजिन सुरू न करता कारण शोधणे हाच शहाणपणा. गिअरबॉक्सचे तेल बहुधा वेगळे असते आणि ते पाहण्याची रीतही निर्मात्यानुसार बदलते, याचाही अनेकदा विसर पडतो.

बंदीचा काळ या दृष्टीने अधिक नाजूक असतो. वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्ले आणि ओलावा साठतो. तेच तेल दोन महिने आत ठेवले तर बंद इंजिनातील धातू गंजत राहतो. म्हणून तेल बदलण्याची योग्य वेळ मेअखेरची, बोट बांधण्यापूर्वीची असते. ती चुकली असेल तर निदान पहिल्या फेरीआधी बदल टाळू नये.

तरीही हे घडत नाही, त्याचे एक कारण जबाबदारीच्या विभागणीत आहे. किनारपट्टीवर रूढ असलेल्या वाटणीच्या पद्धतीत डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च मासळीच्या विक्रीतून वजा होतो. इंजिनाची मोठी दुरुस्ती मालकाच्या माथी पडते. बोट मात्र तांडेलच्या हाती असते आणि इंजिनाजवळ उतरणारा खलाशी अनेकदा दुसऱ्या राज्यातून आलेला, दर हंगामाला बदलणारा असतो. इंजिनाची पुस्तिका इंग्रजीत असते आणि ती मालकाच्या घरी. विम्याचाही आधार येथे तोकडा पडतो. सागरी विमा कायदा, १९६३ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे नमूद नसल्यास, नेहमीच्या झिजेची किंवा समुद्री संकटाशी थेट संबंध नसलेल्या यंत्रबिघाडाची भरपाई विमा कंपनी देणे लागत नाही.

सरकारी सुरक्षाधोरणाचा भर दिसणाऱ्या साधनांवर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एक लाख मासेमारी बोटींवर ट्रान्सपाँडर बसवण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. ती स्वागतार्हच आहे. पण ट्रान्सपाँडर बोट कोठे आहे हे कळवतो. ती बंद पडू नये यासाठी काहीही करू शकत नाही. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. हंगामापूर्वी मत्स्योद्योग खात्याने आणि बोटमालकांच्या सोसायट्यांनी प्रत्येक धक्क्यावर एक-दोन दिवस मेकॅनिक उपलब्ध करावेत, डिपस्टिकच्या खुणा तपासून घ्याव्यात आणि खलाशांना समजेल अशा भाषेतील, चित्रांसह सूचनाफलक इंजिनाशेजारी लावावेत. तारीख, चाललेले तास आणि ओतलेले तेल यांची नोंदवही बोटीवरच राहिली, तर खलाशी बदलला तरी इंजिनाचा इतिहास हरवणार नाही.

याच व्यवस्थेत जुन्या तेलाचाही विचार व्हायला हवा. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. इंजिनाखाली जागा नसल्याने ते हातपंपाने वर काढावे लागते. सांडलेले तेल बोटीच्या तळाशी साचते आणि तळातील पाण्याबरोबर नदीत जाते. मांडवी आणि साळ यांच्या मुखांवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्याच पाण्यात ते मिसळते. प्रत्येक धक्क्यावर झाकणाचे पिंप आणि अधिकृत संकलकाची ठरलेली फेरी एवढी सोय झाली, तर हे तेल नदीत सोडण्याचे कारणच उरणार नाही. १ ऑगस्टची पहाट उजाडण्याआधी यातील निदान पहिले काम, डिपस्टिक काढून पाहण्याचे, प्रत्येक बोटीवर होऊ शकते. त्याला एक फडके आणि दहा मिनिटे पुरतात.