कुंपणालगतची जागा

घरात मोटार आली की तिला निवारा हवासा वाटतो आणि दृष्टी कुंपणालगतच्या मोकळ्या पट्टीकडे वळते. मीही तेथे गॅरेजसाठी चुन्याने आखणी केली होती. मध्य प्रदेश भूमी विकास नियम, २०१२ अन्वये भूखंडाच्या आकारमानानुसार घराभोवती जागा मोकळी सोडावी लागते. उजेड, वारा आणि आगीच्या प्रसंगी मदतीची वाट, हे तिचे प्रयोजन. नियम ठाऊक असूनही 'जागा तर आपलीच' असे मन म्हणे.

शेजारच्या काकू एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, माझ्या स्वयंपाकघरात उजेड येतो तो या एका खिडकीतूनच."

मान खाली घालून मी आखणी पुसली. मोटार आता फाटकाच्या आत ताडपत्रीखाली उभी असते. वाचकहो, नगर निगमात नकाशा देण्यापूर्वी शेजाऱ्यांकडे जाऊन एकदा विचारावे.