पेटींतला बैल

दिवाळीच्या दिवसांत पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली गाडी देहूरोड सोडून बेगडेवाडीच्या लहानशा स्थानकावर थांबते. तेथून वाडींत शिरावें, तों अंगणाअंगणांतून मातीचे किल्ले दृष्टीस पडतात. दगडविटांवर लिंपलेला चिखल, त्यावर उगवलेली हळिवाची हिरवळ, पायथ्याशीं वाटीभर पाण्याचें तळें आणि बुरुजांवर बाजारांतून आणलेले मावळे. अलीकडे या मावळ्यांच्या शेजारीं एक नवा पाहुणा दिसूं लागला आहे. घरांतल्या थोरल्या मुलानें परदेशी पेटींतले प्लॅस्टिकचे शेंदीडशें तुकडे जोडून, रंगवून उभा केलेला रणगाडा!

या पेट्या, आपल्या बाजारांतले मावळे आणि या छंदासाठीं निघणारे संदर्भग्रंथ यांची परीक्षा करण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा पोरखेळ आहे, त्यास मासिकाचीं पानें कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु युद्ध म्हणजे काय, याचें पहिलें चित्र मुलाच्या मनावर याच खेळानें उमटतें, आणि पुढें तें पुसणें इतिहासाच्या अध्यापकांसही साधत नाहीं. तेव्हां त्या चित्रांत काय असावें, याचा विचार वडील माणसांनींच करावयास हवा.

परदेशी पेट्यांचे गुण प्रथम सांगणें न्यायाचें होईल. त्यांत माप आहे. ७२ अंशांच्या प्रमाणांत सहा फुटांचा मनुष्य बरोबर एक इंचाचा होतो, आणि त्याच्या हातांतली बंदूकहि त्याच हिशेबानें लहान होते. आमच्या बाजारांतल्या मावळ्याला असें कोणतेंच बंधन नाहीं. तो तटाहून उंच असतो, त्याची ढाल दरवाजाएवढी असते, आणि शिवछत्रपतींच्या वेळचा शिपाई व सवाई माधवरावांच्या वेळचा शिपाई एकाच सांच्यांतून निघतात. छत्रपतींचें निर्वाण १६८० सालीं झालें. वडगांवचा संग्राम १७७९ चा. मधल्या नव्याण्णव वर्षांत शस्त्रें बदललीं, पोशाख बदलले, लढण्याची तऱ्हा बदलली. सांचा मात्र बदलला नाहीं!

पण परदेशी माप म्हणजे वेदवाक्य, असेंहि कोणी समजूं नये. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत आज जगभर रूढ असलेलें ३५ अंशांचें प्रमाण कसें ठरलें, तें पाहण्याजोगें आहे. जपानांतील तामिया या कारखान्यानें १९६१-६२ च्या सुमारास पँथर रणगाड्याची पेटी काढली. तिच्या पोटांत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्या, एवढ्या बेतानें तिचा आकार धरला गेला. मागाहून मोजूं जातां तो पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळपास भरला. पेटींत काय मावतें आणि दुकानांत काय खपतें, यावर खेळण्यांतला इतिहास कसा बेतला जातो, हें यावरून कळून येईल. प्रमाणाच्या बाबतींत यानें फारशी हानि झाली नाहीं. प्रसंगाच्या निवडीच्या बाबतींत मात्र मोठीच हानि होते, आणि आमचा खरा तंटा तेथें आहे.

दूर कशाला जावें? बेगडेवाडीपासून पुढें घोरावाडी, तळेगांव आणि वडगांव. म्हणजे तिसऱ्या स्थानकावर रणभूमि. १७७८ च्या अखेरीस राघोबादादांस पुण्यास नेऊन बसविण्यासाठीं मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. शिपाई सुमारें ३,९०० आणि ओझ्याचे बैल १९,००० असा आंकडा इतिहासांत येतो. म्हणजे दर शिपायामागें जवळजवळ पांच बैल! घाटमाथ्यापासून कार्ल्यापर्यंतची आठेक मैलांची वाट चालण्यास या फौजेला अकरा दिवस लागले. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट, मराठ्यांच्या तोंडचा इष्टुर फांकडा, ठार झाला. ९ तारखेस फौज तळेगांवीं येऊन पाहते, तों गांव जळालेला. दाणा नाहीं, वैरण नाहीं. गांव जाळला होता मराठ्यांनींच, आणि प्रसंग पडल्यास चिंचवड व पुणेंहि जाळण्याची त्यांची तयारी होती. ११ तारखेच्या रात्रीं इंग्रजांनीं जड तोफा तळ्यांत लोटून माघार घेतली. वडगांवीं ते कोंडले गेले, आणि १६ जानेवारीस तह करून त्यांनीं सुटका करून घेतली.

आतां या संग्रामाची पेटी कोणी काढली, तर तींत काय असेल? घोड्यावरचे महादजी शिंदे असतील, एक तोफ असेल, तांबड्या डगल्याचे दहा शिपाई असतील. बैल असेल काय? जळकें घर असेल काय? आमच्या पाहण्यांतल्या पेट्यांवरून सांगतों, नसेल. तोफ विकली जाते, बैल विकला जात नाहीं. परंतु वडगांवचा निकाल मुख्यतः वैरणीनें लागला. बैलांवांचून तोफ हलत नाहीं, वैरणीवांचून बैल उठत नाहीं, आणि वैरण मिळूं नये म्हणून आपल्याच रयतेचीं घरें पेटवावीं लागलीं. ज्या पेटींत बैल नाहीं, तींत वडगांवचें युद्धच नाहीं.

ग्रंथांचीहि कथा याहून फार निराळी नाहीं. छंदिष्टांसाठीं निघणाऱ्या पुष्कळ परदेशी पुस्तकांत गुंड्या आणि पट्टे यांची चौकशी कसून केलेली असते; सामानसुमान वाहणारांच्या वाट्यास मोठ्या कष्टानें एखादा परिच्छेद येतो. आमच्याकडील सोनेरी वेष्टनांच्या पुस्तकांत तर गुंडीहि नसते, नुसता जयजयकार असतो. साधनें नाहींत म्हणून असें होतें, हें आम्हांस मान्य नाहीं. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथ १९२८ सालींच प्रसिद्ध झाला. पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसायांनीं संपादिले, आणि ते रियासतकार याच मावळांत, कामशेतला, राहत होते. कागद आहेत, ते उघडण्याची हौस नाहीं, एवढेंच.

कोणी म्हणतील, मुलांच्या मनांत अभिमान उत्पन्न व्हावा हें पुरेसें आहे. जळक्या घरांची आठवण देऊन विजयास डाग कशाला लावावा? आमच्या मतें डाग लागतो तो लपविण्यानें. तळेगांवच्या ज्या कुटुंबांचें छप्पर गेलें, त्यांनींहि त्या विजयाची किंमत मोजली आहे. आणि शिंद्यांच्या तलवारीचें वर्णन करून त्यांचें ऋण फिटत नाहीं. मोजपट्टी लावतांच जो अभिमान उणा पडतो, तो बेगडी म्हणावा लागेल. या वाडीचें नांव कशावरून पडलें असेल तें असो. तिच्या अंगणांत तसला अभिमान रुजूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.

म्हणून पेट्या काढणारांस आणि ग्रंथकारांस आमचें मागणें असें आहे. पेटीवर प्रसंगाचें सालच नव्हे, तर महिना व ठिकाणहि छापावें. दर तोफेमागें तिचे बैल द्यावे, आणि बैलांमागें हांकणारा द्यावा. पुस्तकांत प्रमाणबद्ध नकाशा असावा. कोणती गोष्ट कागदावरून घेतली आणि कोणती अंदाजानें रंगविली, हें स्पष्ट लिहावें. एवढें ज्यांत नसेल, त्यावर पालकांनीं पैसा खर्चूं नये; चिखल फुकट मिळतो.

आणि त्या चिखलाच्या किल्ल्यांकडे आमच्या ग्रंथकारांनीं एकवार निरखून पाहावें. लोहगडावर आणि विसापुरावर पाण्याचीं टाकीं खोदणारांस जें ठाऊक होतें, तें या पोरांसहि ठाऊक आहे. कोणी न शिकवितां त्यांनीं गडाच्या पायथ्याशीं पाण्याची वाटी पुरली आहे. त्यांना बैल कां हवा, हें समजावून सांगण्यास फार वेळ लागणार नाहीं.