रविवारचा शीण

आमच्या घरात 'मी थकलो' असे म्हणण्याचा अधिकार दोघांनाच आहे. एक वडिलांना, कारण ते वालीवच्या एका गाळ्यात बारा-बारा तास उभे राहून काम करतात. आणि दुसरा आईला, जी तो अधिकार कधीच वापरत नाही. मी पडले कॉलेजात जाणारी, घराण्यातली पहिलीच. पंख्याखाली बसून पुस्तके वाचणाऱ्या मुलीला कसला आलाय शीण?

गेल्या वर्षी नोव्हेंबरपर्यंत मलाही तसेच वाटत होते. सकाळी आचोळ्याहून नालासोपारा स्टेशनपर्यंत चालत, मग गाडीची रेटारेटी, कॉलेज, संध्याकाळी चाळीतल्या नऊ मुलांची शिकवणी, रात्री स्वतःचा अभ्यास. आणि रविवारी? गायनमंडळाचा सराव, मिस्सा, त्यानंतर लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. एका रविवारी मी वर्गात जगाच्या उत्पत्तीचा पाठ घेत होते. सात-आठ वर्षांच्या एका मुलाने विचारले, "टीचर, देवाने सातव्या दिवशी आराम केला, म्हणजे देव दमला होता का?" किती गोड प्रश्न! पण मी त्याच्यावर खेकसले. पोर रडू लागले. मला भीती वाटली ती माझ्या खेकसण्याची नव्हे. त्या रडणाऱ्या पोराकडे पाहून मला काहीच वाटले नाही, त्याची.

मित्रहो, या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली त्यावर पहिला गाजलेला लेख लिहिला, तो न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या अनुभवावरून. आणि तिथे राबणारे बरेचसे लोक स्वखुशीने सेवेला आलेले होते. हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पाट्या टाकणारा माणूस सहसा करपत नाही, जीव ओतणारा करपतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन दुरावणे वा कडवट होणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. हा आजार नव्हे, नोकरी-धंद्यातल्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम, असेही संघटना म्हणते. (म्हणजे आमच्या आयांचे घरकाम या व्याख्येत बसत नाही! असो.) समईतले तेल संपले की वातच जळू लागते, हे आपल्या आजीला कोणत्याही संघटनेने सांगावे लागले नव्हते.

माझी ही स्थिती मी एका वडीलधाऱ्या व्यक्तीला सांगितली. उत्तर मिळाले, "तुझी प्रार्थना कमी पडते आहे." या उत्तराशी माझे भांडण आहे. दमलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी एक काम ठेवायचे आणि त्याला भक्ती म्हणायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? आपल्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' उघडून एलीया संदेष्ट्याची कथा वाचावी. केवढा पराक्रमी पुरुष! पण राणीच्या धमकीने तो रानात पळाला आणि एका झुडुपाखाली बसून देवाकडे मरण मागू लागला. देवाने त्याला बोल लावला नाही. दूत आला, त्याने भाकरी आणि पाणी दिले. एलीया जेवला आणि पुन्हा झोपला; तरीही दूताने त्याला आळशी म्हटले नाही, दुसऱ्यांदा जेवू घातले. देवाचे बोलणे त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून डोंगरावर पोहोचल्यावर. आणि तिथे त्याला पुढच्या कामासाठी एक जोडीदारही नेमून दिला. (एलीयासारखे मरण मागावेसे वाटू लागले तर मात्र डॉक्टरांकडेच जावे. शासनाची 'टेलीमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे.)

तिसऱ्या आज्ञेतही विसावा आहे, आणि तो केवळ घरधन्याला नाही. दासदासींना, बैलाला, गाढवाला, दारी आलेल्या परक्यालाही आहे. आपण रविवार पाळतो म्हणजे मिस्साला जातो, एवढाच अर्थ उरला आहे. मुंबईत साहेबांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, गिरण्या मात्र चालूच. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन साप्ताहिक सुटी मागितली, आणि १८९० मध्ये ती मालकांना मान्य करावी लागली. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवार हा खंडोबाचाही वार. आज्ञेतल्या 'दासदासी' या शब्दाची आठवण ख्रिस्ती राज्यकर्त्यांपेक्षा त्यांनाच जास्त होती, असे मला वाटते.

माझ्यापुरते बोलायचे तर मला दहा कुमारिकांच्या दाखल्याने सोडवले. पूर्वी त्यातल्या शहाण्या पाचजणी मला निष्ठुर वाटत. मैत्रिणींनी तेल मागितले तर या चक्क 'नाही' म्हणाल्या! त्या दाखल्याचा अर्थ धर्मपंडित वेगळा लावतील. पण त्यांनी तेल वाटले असते तर दहाही दिवे अर्ध्या रात्री विझले असते, हे मला आता कळते. मी फादरांना जाऊन सांगितले की वर्ग एकाआड एक रविवारीच घेईन. मला वाटले रागावतील. ते म्हणाले, "दुसऱ्या रविवारी कोण घेईल, ते आपण शोधू."

आपल्या कॉलेजातही डिसेंबर ते फेब्रुवारी स्नेहसंमेलन, शिबिर, स्पर्धा, प्रकल्प सगळे एकदम कोसळते, आणि प्रत्येक ठिकाणी तीच दहा-बारा मुले असतात. प्राध्यापक मंडळींना विनंती, की एखादी चांगली मुलगी अचानक मागे बसू लागली तर 'हजेरी कमी का' हे विचारण्याआधी 'जेवलीस का' असे विचारावे.

सुटीच्या पहिल्या रविवारी मी नऊ वाजेपर्यंत झोपले. आईने उठवले नाही. उठले तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि ती कामावर गेली होती. ती जिथे स्वयंपाक करते त्या दोन्ही घरांत पाहुणे रविवारीच येतात. तिच्या रविवारचे अजून काही जमलेले नाही.