चाळीस टक्क्यांची रेघ

बालमित्रांनो, एसटीत दिव्यांगांच्या राखीव जागेवर कुणी बसलं की लगेच कुजबुज होते, “धडधाकट तर दिसतोय!” पण सिकलसेल, हिमोफिलिया डोळ्यांना दिसतात का? 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या कायद्यात ते 21 झाले, आणि त्यांत हे दोन्ही आजार आहेत.

मग सवलत कुणाला, हे ठरतं कसं? सरकारी डॉक्टर तपासून दाखल्यावर टक्के लिहितात. 40 किंवा त्याहून जास्त असतील, तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. 2024 च्या नियमांनी ओळखपत्राला रंगही दिले: 40 च्या आत पांढरा, 40 पासून पिवळा, 80 पासून निळा.

पण गंमत पाहा, कार्ड एकच, तरी प्रत्येक दाराची कडी निराळी! कर्णबधिरांना रेल्वेची सवलत हवी, तर ऐकणं आणि बोलणं दोन्ही पूर्णपणे नसावं लागतं. उलट, लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली सांगितलं, की लेखनिक मिळायला 40 टक्क्यांची अट लावू नये.

म्हणून पालकहो, टक्के कमी आले तरी खचू नका. प्रत्येक योजनेचा नियम वेगळा वाचा. दाखला तात्पुरता असेल, तर त्यावरची मुदतही पाहून ठेवा.

आणि मुलांनो, कागद तपासायला कंडक्टरकाका आहेत. आपण फक्त थोडं सरकून जागा द्यायची. द्याल ना?