प्रयोगाचे गुण की खिरापत?



प्रात्यक्षिक परीक्षांचे वेळापत्रक लागले की झेरॉक्सच्या दुकानांत एक ठरलेला माल खपू लागतो: मागच्या वर्षीच्या एखाद्या टापटीप मुलीचे भौतिकशास्त्राचे जर्नल, रीडिंगसकट. बारावीच्या भौतिकशास्त्राला लेखीचे 70 आणि प्रात्यक्षिकाचे 30 गुण. दहावीच्या विज्ञानाला लेखीचे 80 आणि 20 प्रात्यक्षिकाचे. या गुणांची तयारी म्हणजे जर्नल उतरवून काढायचे आणि तोंडीची नेहमीची उत्तरे घोकायची, असे आपण सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले आहे. मुलांना मी दोष देत नाही. खिरापत वाटली जात असेल तर हात कोण पुढे करणार नाही? माझे भांडण परीक्षेशी आहे. प्रयोगावरचा प्रश्न लेखी पेपरात, सक्तीचा आणि दर वर्षी नव्या आकड्यांनिशी आल्याशिवाय प्रयोगशाळेचे कुलूप निघणार नाही.

साधा लंबक घ्या. एक मीटर लांबीच्या लंबकाला 20 दोलनांसाठी सुमारे 40 सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हणून मोजायला सुरुवात केली की प्रत्यक्षात 19 दोलनेच होतात, वेळ 38 सेकंदांच्या आसपास येतो आणि गुरुत्वत्वरण 9.8 ऐवजी जवळजवळ 10.9 निघते. वर्गात कोणाचे ना कोणाचे असे होतेच. जर्नलात मात्र 10.9 कधी दिसत नाही, कारण तिथे उत्तर आधी ठरते आणि रीडिंग मागून जुळवले जाते. हाच तक्ता पेपरात छापा आणि विचारा: लांबी कितीही घेतली तरी किंमत 10.9 च येते, तर चूक कुठे झाली? किंवा असे विचारा: गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता नुसत्या दोऱ्याचीच लांबी घेतली, तर लांबी आणि आवर्तकालाचा वर्ग यांच्या आलेखाची रेषा आरंभबिंदूतून जात नाही, तरी तिचा चढ बदलत नाही आणि गुरुत्वत्वरण बरोबर येते, असे का? ज्याने स्वतः दोरा टांगला आहे, त्याला हे प्रश्न जड जाणार नाहीत.

हे काही जगावेगळे नाही. इंग्लंडमध्ये जीसीएसईच्या विज्ञान विषयांत लेखी परीक्षेतले किमान 15 टक्के गुण प्रयोगांवरच्या प्रश्नांना असतात. इतक्या लांब कशाला, आपल्याकडे सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होणाऱ्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखीनंतर प्रात्यक्षिकाची फेरी असते आणि पालक तिची तयारी हौसेने करून घेतात. तीच मुले अकरावीत गेली की ‘लॅबमध्ये वेळ घालवू नकोस, सीईटीचे बघ’ असे ऐकतात. वास्तविक नीटच्या अभ्यासक्रमातही 2024 पासून प्रायोगिक कौशल्यांचे स्वतंत्र प्रकरण आले आहे. पण पर्यायी प्रश्नांना व्हर्निअरचे लघुत्तम माप पाठ असले की पुष्कळदा भागते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, शाळांकडे साहित्य नाही. मीटर ब्रिजपुरते ते खरे आहे आणि त्याची सोय सरकारने करायलाच हवी. पण लंबकाला दोरा, एक जड नट आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: गाईडवाले याही प्रश्नांचे पाठांतर करून घेतील. घेतील, यात शंका नाही. म्हणूनच मी नव्या आकड्यांचा आणि चुकलेल्या तक्त्यांचा आग्रह धरतो. तयार उत्तर पाठ असलेला मुलगा तक्ता न वाचताच लिहू लागेल आणि फसेल.

तयारी करणाऱ्या मुलांनी एवढे करावे: रीडिंग घेण्याआधी तक्ता आखावा, रकान्याच्या डोक्यावर एकक लिहावे, एकच मापन तीनदा घ्यावे आणि विसंगत आलेला आकडा न खोडता तो का आला याचा शोध घ्यावा. राज्य मंडळाने पुढच्या नमुना प्रश्नपत्रिकेत असा एक तरी तक्ता घालून पाहावा. आणि शिक्षकांनी यंदा जर्नलवर सही करण्याआधी प्रयोगाच्या दिवशीची, खाडाखोड असलेली कच्ची वही मागावी, ही विनंती.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा